प्रत्येक शब्दाचे सर्वात छोटे वेगळे रूप: शेजारी पाहा, पण त्याआधी अक्षर कशाला म्हणायचे ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे सुमारे दोन लाख शब्द आहेत, काही इंग्रजी, बहुतेक मराठी. प्रत्येक शब्दाची सुरुवातीची एवढीच अक्षरे ठेवायची आहेत, की तेवढ्यावरून तो यादीतल्या बाकी सगळ्यांपासून वेगळा ओळखता यावा. लूपमध्ये लूप घालून लिहिलेली स्क्रिप्ट शंभर शब्दांवर व्यवस्थित चालते, पण पूर्ण यादीवर तासन्‌तास फिरत राहते. शिवाय काही शब्दांपुढे उत्तर रिकामे येते आणि मराठी शब्द भलत्याच जागी तुटतात.

तुम्ही वेगाबद्दल विचारले आहे, पण वेग हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो आधी उरकू आणि मग ज्या गोष्टींनी मला खरोखर त्रास दिला आहे त्यांच्याकडे वळू.

दोन लाख शब्दांतला प्रत्येक शब्द उरलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा तर दोन हजार कोटी जोड्या होतात. स्क्रिप्ट अडकलेली नाही, ती खरोखर तेवढे काम करते आहे. उपाय असा की यादी आधी सॉर्ट करायची. क्रमाने लावलेल्या यादीत दोन शब्दांची पहिली तीन अक्षरे सारखी असतील, तर त्या दोघांच्या मध्ये जे जे शब्द येतात त्यांचीही पहिली तीन तीच असणार. नाहीतर ते मध्ये आलेच नसते. म्हणजे एखाद्या शब्दाशी सर्वात जास्त अक्षरे जुळणारा शब्द नेहमी त्याच्या अगदी वर किंवा अगदी खाली असतो. बाकीच्या यादीकडे पाहायचे कारणच उरत नाही. वरच्याशी किती अक्षरे जुळतात ते मोजा, खालच्याशी किती जुळतात ते मोजा, दोन्हींतली मोठी संख्या घ्या आणि एक मिळवा. तेवढी अक्षरे ठेवायची. सॉर्ट करायला साधारण पस्तीस लाख तुलना लागतात आणि शेजारी पाहायला यादीवरून एक फेरी. साध्या लॅपटॉपवरही हे काही सेकंदांत होते.

सहा शब्द घेऊन हातानेच करून पाहू. सॉर्ट केल्यावर क्रम येतो: कमळ, कमान, कमाल, कर, करवत, कागद. तूर्त काना, मात्रा हे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजू, कारण स्क्रिप्टची भाषा मुळात तसेच मोजते.

कमळ: खालच्या ‘कमान’शी दोन चिन्हे जुळतात, म्हणून तीन ठेवायची. झाले ‘कमळ’, अख्खा शब्द.
कमान: वर दोन जुळतात, खाली ‘कमाल’शी तीन. चार ठेवायची. पुन्हा अख्खा शब्द.
कमाल: तसेच, अख्खा शब्द.
कर: खालच्या ‘करवत’शी दोन जुळतात. तीन ठेवायला हवीत, पण शब्दच दोन चिन्हांचा आहे.
करवत: ‘करव’.
कागद: ‘का’.

‘कर’पाशी थांबा, कारण तुमच्या रिकाम्या उत्तरांचे एक कारण तिथेच आहे. हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात पूर्ण मावतो. त्याची सुरुवातीची कोणतीही अक्षरे घेतली तरी ती ‘करवत’लाही लागू पडतात. काटेकोर व्याख्येने पाहिले तर अशा शब्दाला वेगळा प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नसतोच. इथे गणित मदत करत नाही, नियम तुम्हाला ठरवावा लागतो. मी नेहमी ठरवतो तो असा: अख्खा शब्द तंतोतंत जुळला तर तोच खरा, मग तो दुसऱ्या कशाचा तुकडा असो वा नसो. म्हणजे ‘कर’चे लघुरूप ‘कर’च. आज्ञा ओळखणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये हाच नियम असतो. मात्र लघुरूपांमागे लोक काहीही जोडून लिहिणार असतील, मध्ये जागा न सोडता, तर हा नियम चालणार नाही. अशा वेळी शब्दाच्या शेवटी एक खुणेचे चिन्ह जोडून, तेही अक्षर धरून मोजावे लागते.

रिकाम्या उत्तराचे दुसरे कारण अगदी साधे आहे: शब्द यादीत दोनदा आहे. त्याची प्रत्येक सुरुवात दोघांत सापडणार, मग वेगळे काही उरणार कुठून? आधी नक्कला काढा. काढूनही रिकामे राहिले तर ओळींच्या शेवटी पाहा. विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये ओळीअखेर एक न दिसणारे चिन्ह जास्त असते, आणि दोन फाइली जोडून यादी बनवली असेल तर निम्म्या शब्दांना ते असते, निम्म्यांना नसते. मग ‘करवत’ आणि ‘करवत’ अधिक ते अदृश्य चिन्ह हे दोन वेगळे शब्द ठरतात, पहिला दुसऱ्याच्या पोटात. शेवटच्या मोकळ्या जागांचेही तसेच.

यादी पाच-दहा हजार शब्दांची असती तर मी सॉर्टच्याही भानगडीत पडलो नसतो. प्रत्येक शब्दाचे सगळे प्रीफिक्स एका तक्त्यात मोजत जायचे, क, कम, कमा, कमान असे, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक शब्दाचा एकदाच मोजला गेलेला सर्वात छोटा प्रीफिक्स उचलायचा. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत हे दहा ओळींत बसते, आणि सहा महिन्यांनी वाचले तरी लगेच कळते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेसोबत टेक्स्ट-अब्रेव्ह नावाचे मॉड्यूल वर्षानुवर्षे येते, तेही जवळपास हेच करते. तुमच्या दोन लाखांवरसुद्धा ही पद्धत चालेल, फक्त मेमरी बरीच खाईल. माणूस टाइप करत असताना दर अक्षरागणिक उरलेले पर्याय दाखवायचे असतील, तर ‘ट्राय’ हे झाड, म्हणजे अक्षरागणिक फांद्या फुटणारी रचना, बांधावे. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली ‘रिट्रीव्हल’ या शब्दातून हे नाव काढले. एकदाच चालवायच्या कामाला तेवढा खटाटोप नको.

आता मराठी शब्दांकडे येऊ.

तुमचे शब्द तुटतात, कारण आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याला संगणक अक्षर म्हणत नाही. सगळ्यात खाली बाइट असतात. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. त्यावर कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या चिन्हांच्या मानकातले एकेक चिन्ह: ‘का’ मध्ये ते दोन आहेत, क आणि काना. आणि त्यावर वाचणाऱ्याचे अक्षर: ‘का’ एक, ‘ज्ञा’ही एक, जरी ‘ज्ञा’ मध्ये ज, हलन्त, ञ आणि काना असे चार कोड पॉइंट असले तरी. ऑक वापरत असाल तर कोणता ऑक आहे तेही पाहा. डेबियन घराण्यातल्या बऱ्याच लिनक्स सिस्टिमवर ‘मॉक’ असतो आणि तो बाइट मोजतो. ग्नूचा ‘गॉक’ लोकेल, म्हणजे सिस्टिममधली भाषेची निवड, बरोबर असेल तर कोड पॉइंट मोजतो. एकच स्क्रिप्ट एका मशीनवर चौकोनी ठिगळे देते आणि दुसऱ्यावर नीट चालते, त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते.

पण कोड पॉइंटवर थांबूनही भागत नाही. ‘ज्ञान’ आणि ‘जमीन’ वेगळे करायला कोड पॉइंटच्या हिशेबाने ‘ज्’ पुरतो. हा पाय मोडलेला ज एखाद्या वाचकासमोर ठेवून पाहा, त्याला ‘ज्ञान’ आठवणार नाही. अनुस्वाराचेही तसेच: ‘कंस’चा नुसता ‘क’ हा कंसचा प्रीफिक्स आहे असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. म्हणून लघुरूप माणसे वाचणार असतील तर शब्द आधी अक्षरांत तोडावा आणि मोजणी त्या अक्षरांची करावी. केवळ एका प्रोग्रामने लिहून दुसऱ्याने वाचायचे असेल तर कोड पॉइंट पुरेसे आहेत. हे परिस्थितीवर आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. पण तुटलेल्या शब्दांबद्दल तुम्ही तक्रार केली आहे, त्यावरून वाचणारी माणसे आहेत असे मी धरतो.

अक्षरे तोडण्याचे नियम युनिकोडने लिहून ठेवले आहेत. पर्लच्या पॅटर्नमध्ये त्यासाठी तयार खूण आहे. पायथनच्या सोबत येणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ती नाही, ‘रीजेक्स’ हे मॉड्यूल वेगळे बसवावे लागते. मात्र एक गोष्ट तपासा. देवनागरी जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम त्या मानकात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘ज्ञा’ चे ‘ज्’ आणि ‘ञा’ असे दोन तुकडे करते. तुमची लायब्ररी तशी असेल तर ती सोडून देऊ नका. तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढचा तुकडा व्यंजनाने सुरू होत असेल, तर दोन्ही जोडून घ्यायचे, एवढी एक दुरुस्ती पुरते.

वरच्या सहा शब्दांवर हे लावले की उत्तर बदलते. कमळ म्हणजे क, म, ळ. कमान म्हणजे क, मा, न. पहिलेच अक्षर तेवढे जुळते, दुसऱ्यापाशी वाटा फुटतात. म्हणून कमळला ‘कम’ पुरते, कागदला ‘का’ हे एकच अक्षर. पण इथे एक फसवणूक आहे. कोणी शोधाच्या चौकटीत ‘कम’ टाइप केले आणि ती चौकट कोड पॉइंटवर जुळवणी करणारी असली, तर कमळसोबत कमान आणि कमालही समोर येतील. लघुरूप ज्या मापाने तयार केले त्याच मापाने ते वाचले गेले पाहिजे. शोधणारा भाग तुमच्या ताब्यात नसेल तर सरळ कोड पॉइंटने वेगळेपणा ठरवा आणि मिळालेला तुकडा पुढच्या पूर्ण अक्षरापर्यंत वाढवून घ्या. लघुरूप थोडे लांबेल, पण दोन्हीकडे टिकेल.

याच मापाच्या गोंधळातून सॉर्टमध्ये एक चूक शिरते. ती मी बऱ्याच जणांच्या कोडमध्ये पाहिली आहे आणि एकदा स्वतःही केली आहे. शेजाऱ्याचा नियम तेव्हाच खरा ठरतो जेव्हा सॉर्ट आणि तुलना एकाच एककावर होतात. हे तीन शब्द घ्या: घर-संसार, घरंदाज, घरकुल. कोड पॉइंटने सॉर्ट केले तर क्रम असाच येतो, कारण जोडरेघ सगळ्यांच्या आधी, मग अनुस्वार, मग क. आता तुलना अक्षरांनी करा. घर-संसारचा शेजारी घरंदाज. त्यात घ जुळला, पुढे र आणि रं वेगळे. एक जुळले, दोन ठेवायची: ‘घर’. घरकुलचा वरचा शेजारीही घरंदाजच. एक जुळले, दोन ठेवायची: ‘घर’. दोन शब्दांना एकच लघुरूप, आणि स्क्रिप्ट कुठेही कुरकुरत नाही. घर-संसार आणि घरकुल हे खरे शेजारी होते, घरंदाज मध्ये येऊन बसला. उपाय सोपा आहे: आधी प्रत्येक शब्द अक्षरांच्या यादीत तोडा आणि मग त्या याद्या सॉर्ट करा. पायथन यादीची तुलना यादीशी घटकागणिक करतो, त्यामुळे वेगळे काही लिहावे लागत नाही. असे केल्यावर उत्तर येते ‘घर-’, ‘घरकु’ आणि ‘घरं’.

कमांड लाइनवरची सॉर्ट आज्ञा वापरणार असाल तर तिथेही हाच धोका, वेगळ्या वेशात. ती लोकेलप्रमाणे क्रम लावते. काही लोकेलमध्ये विरामचिन्हे आणि लहान-मोठी इंग्रजी लिपी पहिल्या फेरीत धरलीच जात नाहीत. आपल्या वर्णमालेत तर ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. त्या क्रमाने लावले की क्ष चे शब्द क च्या शब्दांपासून दूर जातात, जरी कोड पॉइंटने ते ‘क्’ पासूनच सुरू होत असले तरी. म्हणून सॉर्टच्या आधी ‘एलसी ऑल’ (LC_ALL) या लोकेल ठरवणाऱ्या सेटिंगची किंमत ‘सी’ (C) करावी. यूटीएफ-८ ची रचना अशी आहे की बाइटांचा क्रम आणि कोड पॉइंटचा क्रम एकच येतो, त्यामुळे कोड पॉइंटच्या तुलनेसाठी हा क्रम नेमका बसतो. वाचकासाठी कोशाचा क्रम हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी, लघुरूपे काढून झाल्यावर लावा.

आणखी एक मराठीतच भेटणारी गोष्ट. सारखे दिसणारे शब्द आतून वेगळे असतात. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त असा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही एकच. ‘ॲ’चेही तसेच, तो एक कोड पॉइंट म्हणूनही येतो आणि अ अधिक अर्धचंद्र असाही. अशी जोडी यादीत असली की त्या शब्दाला अकारण लांब लघुरूप मिळते, किंवा दोन शब्दांना डोळ्यांना सारखीच दिसणारी लघुरूपे मिळतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एका रूपात आणणे, जरूर चालवा. सुटा र आणि नुक्ता असेल तर ते त्यांचा एक ऱ करते. पण मी वर सांगितलेल्या दोन्ही जोड्या त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्या हाताने बदलाव्या लागतात, सॉर्टच्याही आधी.

इथवर तुम्ही विचारलेले झाले. न विचारलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: ही लघुरूपे तुम्ही कुठे साठवून ठेवणार आहात का?

सर्वात छोटा वेगळा प्रीफिक्स हा शब्दाचा गुण नाही, तो त्या दिवशीच्या यादीचा गुण आहे. यादी बदलली की तोही बदलतो. एका कार्यालयाच्या दस्तऐवजांसाठी मी विषयांची अशी लघुरूपे काढून दिली होती. इमारतला ‘इ’, आवकला ‘आ’, अनुदानला ‘अनुदा’, अनुवादला ‘अनुवा’. ती खोक्यांवर चिकटवली गेली. पुढे ‘इतिवृत्त’ हा विषय आला. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर इमारतचे ‘इमा’ झाले आणि जुन्या खोक्यांवरचा ‘इ’ दोघांचा झाला. हे निदान लगेच कळले, कारण ‘इ’ शोधल्यावर दोन उत्तरे आली. खरा घोटाळा पुढचा होता. ‘आवक’ हा विषय बंद करून यादीतून काढला गेला आणि काही महिन्यांनी ‘आस्थापना’ आला. आ ने सुरू होणारा तो एकटाच, म्हणून त्याला मिळाले ‘आ’. जुनी खोकी तशीच होती, त्यांच्यावरचा ‘आ’ तसाच होता, आणि आता तो न अडखळता चुकीच्या विषयाकडे बोट दाखवत होता. ती खोकी उघडून, एकेक कागद पाहून वेगळी करावी लागली. ज्यांनी ते काम केले त्यांचे दिवस माझ्या स्क्रिप्टने खाल्ले होते, आणि त्यानंतर मी साठवायच्या ठिकाणी असे लघुरूप कधीही दिलेले नाही.

मोठ्या प्रकल्पांनाही यादी वाढण्याशी झगडावे लागले आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख सहसा चाळीस अंकाक्षरी असते आणि दाखवताना ती पूर्वी सात अक्षरांची असायची. प्रकल्प फुगले तसे सात कमी पडू लागले. २०१६ च्या २.११ आवृत्तीपासून गिट ती लांबी साठ्याच्या आकारावरून ठरवते. लिनक्स कर्नलमध्ये जुन्या नोंदीचा संदर्भ देताना किमान बारा अक्षरे लिहायला सांगतात, आज कमी पुरत असली तरी. कमांड लाइनवरच्या लांब पर्यायांचेही हेच होते. पायथनचे आर्गपार्स, म्हणजे असे पर्याय वाचणारे मॉड्यूल, अर्धवट लिहिलेला पर्याय एकमेव असेल तर आपण होऊन पूर्ण समजून घेते. रोज रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कोणी असा अर्धा पर्याय लिहून ठेवला आणि प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत तशाच सुरुवातीचा नवा पर्याय आला, की ते काम त्या रात्रीपासून बंद पडते. ही सवय बंद करण्याची सोय आर्गपार्समध्ये पायथन ३.५ पासून आहे, आणि मी माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ती वापरतो. हाताने टाइप करणाऱ्यासाठी संक्षेप ही मोठी सोय आहे. राउटरवर दिवसभर ‘कॉन्फ टी’ (‘कॉन्फिगर टर्मिनल’चा संक्षेप) टाइप करणाऱ्या माणसाला विचारा. तिथे चूक झाली तर ती त्याला त्याच क्षणी दिसते. फाइलमध्ये गेलेल्या संक्षेपाकडे मात्र पुढे कोणीच पाहत नसते.

तेव्हा लघुरूप केवळ पडद्यावर दाखवायचे असेल तर साठवताना पूर्ण शब्द साठवा आणि लघुरूप दर वेळी नव्याने काढा. साठवावेच लागणार असेल, कागदावर छापले जाणार असेल, तर सर्वात छोट्याचा हट्ट सोडा. दोन-तीन अक्षरे जास्तीची ठेवा, एकदा दिलेले लघुरूप कोणाचे होते याची कायमची नोंदवही ठेवा आणि विषय बंद झाला तरी ते दुसऱ्याला देऊ नका. नव्या शब्दाला नोंदवहीतल्या सगळ्यांपासून, बंद झालेल्यांपासूनही, वेगळे पडेल इतके लांब रूप द्या. आणि यादी बनवणेच तुमच्या हातात असेल तर सर्वात चांगले: शब्दच तसे निवडा. क्रिप्टो वॉलेटच्या परवलीसाठी २०१३ साली आलेल्या बिप-३९ या मानकातली २०४८ इंग्रजी शब्दांची यादी अशीच रचली आहे. पहिल्या चार अक्षरांत प्रत्येक शब्द वेगळा पडतो. तिथे लघुरूप काढण्याचा प्रश्नच येत नाही, चार अक्षरे लिहिली की झाले.

स्क्रिप्ट लिहून झाली की लगेच दोन लाखांवर सोडू नका. आधी एक छोटी तपासणी फाइल करा: कर आणि करवत, घर-संसार, घरंदाज आणि घरकुल, ज्ञान आणि जमीन, दोन तऱ्हांनी टाइप केलेला दुसऱ्या, आणि एक मुद्दाम दोनदा लिहिलेला शब्द. मग एक वेगळी, अगदी बाळबोध स्क्रिप्ट लिहा. तिने प्रत्येक लघुरूप घ्यायचे, सगळ्या यादीतून त्याने सुरू होणारे शब्द मोजायचे, आणि संख्या एक नसेल तर ओरडायचे. अख्ख्या शब्दाची सूट तेवढी द्यायची. छोट्या फाइलवर तिला दुहेरी लूप चालतो, तुम्ही आधी लिहिलेला तोच वापरा.